दचके काढणारी

सोमवार, २ फेब्रुवारी

नोकरी लागली! सकाळपासून हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता लिहूनच टाकते. बाबांनी काल सबंध गल्लीला सांगितलं की आमची पोरगी आवाजाच्या खात्यात लागली. असं कुठलंही खातं नसतं हे मी सांगून पाहिलं. पण आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली आणि टेबल-खुर्चीची नोकरी करणारीही पहिलीच, तेव्हा खात्याचं नाव ठेवायचा मान बाबांचा.

ऑफिस एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना चढला की लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला दोन खोल्या. एक वाचनाची, तिच्या भिंतींना जाड करडा स्पंज आणि दाराच्या कडांना रबर. दुसरी माझी. तिच्यात दोन पडद्यांचा संगणक, एक हेडफोन, माझी खुर्ची, आणि कोपऱ्यात एक जास्तीची खुर्ची, जिची गादी मधे खोल बसलेली आहे. दोन्ही खोल्यांच्या मधे काच. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी इथे अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. जाहिरातीत हे वाचलं तेव्हाच ठरवलं होतं, मिळाली तर हीच नोकरी.

माणसं तिघंच. सर इतकं हळू बोलतात की समोरचा आपोआप पुढे झुकतो. रेकॉर्डिंग करणारे काका त्यांची सगळी कसर भरून काढतात. मला बघताच म्हणाले, या ग्रॅज्युएटबाई, सरांचं बोलणं ऐकू आलं तर तुमची नेमणूक पक्की समजा. आणि वाचनबाई, निवृत्त शिक्षिका. त्या अजून मायक्रोफोनकडेही मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तशा पाहतात.

माझं काम दचके काढायचं. वाचन चालू असताना मधेच दार आपटतं, खालच्या दुकानात फळी पडते, बाईंना ठसका लागतो. अशा अचानक येणाऱ्या आवाजाला इथे दचका म्हणतात. सरांनी समजावलं, की आपल्याला दिसतं म्हणून आपण एका नजरेत सावरतो. पण हेडफोन लावून एकट्याने अभ्यास करणाऱ्याच्या कानात दार आपटलं, तर त्याला उठून घरभर चाचपत फिरावं लागतं, कोण आलंय ते पाहायला. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कुणाला तरी उगाच उठावं लागू नये, यासाठी आपण बसायचं. यापेक्षा चांगलं काम कुठलं?

सर असंही म्हणाले की हे काम चांगलं झालं तर ते केलंय हे कुणालाच कळत नाही. मी ते चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं आहे.

संध्याकाळी आईला फोन केला. मागे तिचं शिलाई मशीन खडखडत होतं. तिने विचारलं, नक्की काय करायचं असतं तुला? म्हटलं, लोकांचे खोकले काढायचे. म्हणाली, त्यासाठी एवढी शिकलीस होय? मग आधी तुझ्या बाबांचा काढून दाखव.

तीन महिने पाहून पक्कं करणार आहेत. माझ्या आधी इथे एक मुलगी होती, तिला सगळे नुसतं ‘आधीची’ म्हणतात. एक दिवस न सांगता यायची बंद झाली म्हणे. हिरव्या काठाचा कप तिचा. मी चुकून उचलला, तर काकांनी माझ्या हातातून अलगद काढून परत फळीवर ठेवला. माणूस गेलं, पण कप राखीव!

बुधवार, ४ फेब्रुवारी

खूप शिकले. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. काळ्या पार्श्वभूमीवर बोलणं जाळासारखं हलतं आणि दचका सरळ उभ्या रेघेसारखा दिसतो. त्या रेघेभोवती चौकट काढायची आणि तो उचलायचा. पण उचलल्यावर जागा मोकळी राहते, तीच खरी मेख. नुसतं कापलं तर वाक्य आखडतं. काहीच न भरता ठेवलं तर चालता चालता पायरी चुकावी तसा कान खाली जातो. म्हणून तिथे शांततेचा तुकडा भरायचा.

आणि शांतता खोलीखोलीची वेगळी असते! त्यासाठी इथली रीत अशी की प्रत्येक वाचनाआधी बाई मायक्रोफोनसमोर थोडा वेळ गप्प बसतात आणि काका ते गप्प बसणं रेकॉर्ड करतात. मी विचारलं, रिकामी खोलीच का नाही रेकॉर्ड करत? काका म्हणाले, रिकाम्या खोलीची शांतता मढ्यासारखी असते. तिच्यात माणूस बसलेलं लागतं, तरच ती वाक्यांमधे मुरते.

आधीचीने एकदा स्वतः बसून अशी एक शांतता घेतली आहे की ती कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही खोलीत मुरते. सगळी जुनी पुस्तकं तिनेच सांधलेली. आजही बाईंच्या रेकॉर्डिंगला काकाच म्हणतात, तिची शांतता लाव, संपलं काम. सर म्हणाले, असलं काही माणसाला उपजत साधतं.

मी मान डोलावली. पण उपजत म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी करायचं काय? आमच्या घरात उपजत काही मिळालेलं नाही. मिळवलं ते सगळं घोकून.

सोमवार, ९ फेब्रुवारी

माझं पहिलं पुस्तक झालं. शाळेचं विज्ञान. आठ धडे, एकही दचका सोडला नाही. प्रत्येक धड्याची शांतता त्याच धड्यातून घेतली, उसनी एकही नाही. सरांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, छान आहे, फक्त तिसऱ्या धड्यात एका जागी कान अडखळतो, तिथे तिची शांतता लावून बघ.

लावली. सांधा नाहीसा झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पुस्तक सुधारलं होतं. पण पायरीवर बसून डबा अर्धाच खाल्ला आणि झाकण लावलं. एवढ्यात काका आले आणि हसून म्हणाले, काय, आयत्या बिळावर नागोबा! ते गंमत करत होते. तरी मला लागलं.

दुपारी एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिला जन्मापासून दिसत नाही, इथली सगळी पुस्तकं तिने ऐकली आहेत. सरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. ती सांगत होती की जुन्या पुस्तकांत कुणीतरी शेजारी बसून आपल्याबरोबर ऐकतंय असं वाटतं, एकटं वाटत नाही. नव्या पुस्तकाचे पहिले दोन धडे आधीच तिच्याकडे गेले होते, त्यांत तसं नाही म्हणाली. सरांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं की नवी मुलगी अजून शिकते आहे.

मी शिकते आहे. ती बसते शेजारी.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सापडली! आधीचीची चूक सापडली!

तिने सांधलेलं एक जुनं पुस्तक शिकण्यासाठी म्हणून ऐकत होते (खरं सांगायचं तर खोट काढण्यासाठीच). दोन वाक्यांच्या मधे टकटक झाली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. कुणाच्या दारावर आपण बिचकत बिचकत वाजवतो ना, तशी. दुसरं पुस्तक काढलं, तिथेही तेच. तिसरं पुस्तक तर एका वाचकाने आपल्या घरी बसून रेकॉर्ड करून पाठवलेलं, खोली वेगळी, गाव वेगळं, तिथेही टकटक. आणि नेमकी तिथेच, जिथे तिची शांतता भरली आहे. म्हणजे दचका तिच्या त्या नावाजलेल्या शांततेतच होता!

मी अक्षरशः पळत सरांकडे गेले. ते आले, हेडफोन लावला, ऐकलं. मग काकांना ऐकवलं. दोघांनाही काही ऐकू आलं नाही. काका म्हणाले, तुझे कान फार शिकलेत बाई, आमचे आपले अडाणी. सर मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले की दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्यापेक्षा आपलं काम वाढवावं.

ते गेल्यावर मी पुन्हा लावलं. टकटक होती. उलट आता जरा घाईने वाजत होती.

मी एकेक शोधून काढून टाकते आहे. तिच्या प्रत्येक पुस्तकातून. हेवा वगैरे काही नाही, काम म्हणजे काम. पण एकेक उचलताना बरं वाटतं, हे खरं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज माझी स्वतःची शांतता रेकॉर्ड केली. काका आणि बाई चहाला गेले होते. मी वाचनाच्या खोलीत गेले, दार लावलं, मायक्रोफोनसमोर बसले. आईच्या पोटातसुद्धा इतकी गप्प बसले नसेन. मनात एकच होतं, की माझी तिच्यापेक्षा चांगली व्हावी. सरांनी म्हणावं, अरे, ही तर उपजत!

परत येऊन ऐकली. सुरुवात उत्तम. मग खुर्ची करकरली. मी हलले नव्हते, आणि ही करकर माझ्या खुर्चीची नव्हती, जरा लांबून आलेली होती. त्यानंतर टकटक. दोनदा, थांबून एकदा. इतकी स्वच्छ आजवर कुठेच ऐकली नव्हती.

मी काचेतून माझ्या खोलीकडे पाहिलं तेव्हा कोपऱ्यातली ती जास्तीची खुर्ची नेहमीसारखीच रिकामी होती. गादी मधे बसलेली. तशी ती पहिल्या दिवसापासूनच आहे म्हणा.

घाबरले का? घाबरले थोडी. पण त्याहून जास्त संताप आला. माझ्या शांततेतही हीच! इथे मी काही केलं तरी ही आधी येऊन बसलेली असणार.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

नवीन प्रोग्राम आला आहे. आतापर्यंत दचके हाताने शोधायचो. याला फक्त नमुना दाखवायचा, की हा आवाज नको. मग तो तसले आवाज सगळ्या पुस्तकांतून शोधून काढतो आणि पुढे येणाऱ्या रेकॉर्डिंगमधूनही. काकांनी बजावलं की नमुन्यात नको तेवढाच आवाज असला पाहिजे, मागे दुसरं काही राहिलं तर तेही जाईल. यंत्राला बोट कळतं, बोट कुणाकडे आहे ते कळत नाही. त्यांनी चाचणीसाठी बाईंच्या ठसक्याचा नमुना दिला होता, त्यात चुकून बाईंचा अर्धा शब्द राहिला. तर सबंध धड्यातून बाईच गायब! बाई म्हणाल्या, बरं झालं, तेवढीच घशाला विश्रांती.

आम्ही सगळे हसलो. मी हसता हसताच ठरवलं होतं.

दुपारी एकटी असताना नमुना तयार केला. टकटक, करकर, तिचं जे काही या खोल्यांत उरलंय ते सगळं एका चौकटीत. जुन्या पुस्तकांतल्या आणि तिच्या मूळ फाईलमधल्या टकटकी मी आधीच पुसल्या होत्या, म्हणून नमुना घ्यावा लागला माझ्याच शांततेतून, मंगळवारच्या. त्यात मीही बसले होते, हे लक्षात आलं होतं. काकांचं बोलणंही आठवलं. पण माझ्या गप्प बसण्याचा असा काय आवाज असणार? मी तर काहीच केलं नव्हतं.

यंत्राला सांगितलं, हे नको.

मग आधीचीची शांतता पुसली. मूळ फाईलच. पडद्याने विचारलं, पुन्हा आणता येणार नाही, नक्की? मी लगेच हो म्हटलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा! यंत्राने शनिवार-रविवारात सगळी पुस्तकं साफ केली. सरांनी सकाळी चार-पाच ऐकली आणि चक्क मोठ्याने (म्हणजे आपल्यासारख्या माणसाइतक्या आवाजात) म्हणाले, हिचा हात आधीचीपेक्षा साफ आहे. तीन महिने थांबायची गरज नाही, पक्कं केल्याचं पत्र याच आठवड्यात देतो.

आधीचीपेक्षा! मी स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर चार वेळा म्हटलं. काका म्हणाले, कानामागून आली नि तिखट झाली! आता त्यांची गंमत मुळीच लागली नाही. हिरव्या काठाच्या कपातून चहा प्यायले, कुणी अडवलं नाही. चमचा ढवळताना किणकिण होत नव्हती, कप बहुतेक जाड मातीचा असावा.

काका आज दोनदा दचकले. म्हणाले, मांजराच्या पावलांनी येतेस की काय, जरा वाजत ये बाई.

आईला फोन केला, पण लाईन खराब होती. ती नुसतं हॅलो हॅलो करत राहिली. मला तिचं मशीनसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

कप जाड नाही. मी टेबलावर चमचा आपटला, आवाज झाला नाही. खुर्ची ओढली, टाच आपटली, दार लावलं. काही नाही. टाळी वाजवली तर तळहात झोंबले, एवढंच. काकांना हाक मारली. ते वायर गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकले आणि म्हणाले, अगं, बोल की, नुसती काय उभी?

मी बोलत होते.

मायक्रोफोनसमोर बसून माझं नाव, बाबांचं नाव, पदवीचा विषय असं सगळं मोठ्याने म्हटलं. पडदा काळाच राहिला. एक रेघ नाही.

दुपारी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. खूश होती. म्हणाली, नव्याने साफ केलेली पुस्तकं फारच छान झाली, पण आता शेजारी दोघी बसतात. सर हसले. ती म्हणाली, हसू नका सर, दोघी आहेत, एकमेकींशी बोलत नसाव्यात.

पत्र आज मिळणार होतं. मी सरांच्या टेबलासमोर उभी होते. त्यांनी मान वर केली, माझ्या चेहऱ्यावरून नजर घसरून मागच्या भिंतीवर गेली आणि त्यांनी पत्र पुन्हा खणात ठेवलं.

रविवार, १ मार्च

घरी गेले होते.

दार उघडंच होतं. आई मशीनवर, बाबा ओट्यावर शेजारच्यांशी बोलत. मी बाबांच्या समोर उभी, हातभर अंतरावर, आणि बाबा त्यांना सांगत होते की पोरीला श्वास घ्यायला फुरसत नाही, आवाजाच्या खात्यात तिच्यावाचून पान हलत नाही. शेजारी म्हणाले, मोठी झाली म्हणजे विसरतातच पोरं. बाबा म्हणाले, आमची नाही विसरायची. मग त्यांना खोकला आला. तो मला ऐकू आला. किती गोड खोकला.

आईच्या खांद्यावर हात ठेवला. ती केवढी दचकली, सुई बोटात गेली. वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग उठून खिडकी लावून घेतली. वारा आला म्हणाली.

मी दचका झाले आहे. आईच्या अंगावरचा.

मंगळवार, ३ मार्च

नमुना परत घ्यायचा प्रयत्न केला. यंत्र विचारतं, मूळ आवाज कुठे आहे? मूळ शांतता मी पुसली. तिची. माझी त्या नमुन्यात गेली. जुनी पुस्तकं साफ करून मूळ प्रती काढून टाकाव्यात, ही सूचना माझीच होती. जागा वाचते म्हणून. सरांनी शाबासकी दिली होती.

काका बाईंना सांगत होते, हीसुद्धा तशीच गेली, न सांगता. बाई म्हणाल्या, हल्लीच्या मुलींना एका जागी बसवत नाही.

मी इथेच बसले आहे. बसूनच आहे.

बुधवार, ४ मार्च

आता कळलं.

ती टकटक चूक नव्हती. खूण नव्हती. मला खिजवतही नव्हती. तिनेही कधीतरी असंच स्वतःला काढून टाकलं असेल, हाताने, एकेक चौकट काढून, काम अधिक अधिक स्वच्छ करता करता. सगळं गेलं, तेवढी टकटक उरली. मी आत आहे. कुणी आहे का? मी आत आहे. प्रत्येक पुस्तकातून. या सगळ्या जगात ऐकू आली ती मला एकटीला. आणि मी —

मी तिचा हेवा करत होते. ती नुसती दार वाजवत होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीशी जाऊन बसले. चुकले म्हटलं. वाजव म्हटलं, पुन्हा एकदा वाजव. गादी मधे तशीच दबलेली. हात लावला तर उबदार. पण आवाज नाही. तिच्याजवळ तेवढाच होता, तो मी काढला.

शुक्रवार, ६ मार्च

एक गोष्ट सापडली. पेन वाजतं! नमुन्यात पेन नव्हतं. कागदावर टोक ओढलं की खरखर येते, बारीक, पण येते. मी दिवसभर लिहिते आहे, काहीबाही, आईचं नाव, नुसत्या रेघा. दुपारी काकांनी मान वर करून कान दिला होता. खरंच दिला होता! मग म्हणाले, उंदीर झालेत.

होऊ देत उंदीर. ऐकू तर आलं.

सोमवार, ९ मार्च

नवीन मुलगी आली.

हसरी आहे. सरांसमोर झुकून ऐकते. तिनेही ती चिठ्ठी वाचली, माझी, आणि छान आहे म्हणाली. हिरव्या काठाचा कप उचलला तर काकांनी हातातून काढून घेतला. आधीचीचा आहे, म्हणाले.

कुठल्या आधीचीचा? काका, कुठल्या?

सर तिला सांगत होते, आधीच्या मुलीची शांतता जुन्या पुस्तकांतून उचलून वापर, कुठेही मुरते. उपजत होतं तिच्यात. हे कुणाबद्दल? माझ्याबद्दल असेल तर एकदा — एकदा माझ्याकडे बघून — आणि तिच्याबद्दल असेल तर अजून तीच? अजूनही तीच?

मंगळवार, १० मार्च

ती रेकॉर्डिंग ऐकते आहे. बाई वाचत असताना मी मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभी राहून लिहिलं होतं, जोर लावून, कागद फाटेपर्यंत. आलं असणार. आलंच असणार.

थांबली. मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. भुवई उचलली.

ऐकू आलं तिला — बाई गं, मी आहे, इथे, तुझ्या डाव्या हाताला, सरांना सांग, माझ्या आईला एक फोन —

सरांना हाक मारली तिने. म्हणाली, इथे काहीतरी खरखरतंय. सरांना नाही ऐकू आलं. ती म्हणाली, मी काढते, सगळीकडूनच काढते, नमुना देते. सर काय म्हणाले — आल्या आल्या — केवढे तयार कान, म्हणाले. आल्या आल्या! मला आठवडे लागले —

नको. तेवढंच आहे माझ्याकडे. नको गं —

चौकट काढते आहे. हळू. एकाच फटक्यात, कुठे बाहेर न जाऊ देता, बाईंच्या शब्दाला धक्कासुद्धा न लावता —

हात साफ आहे मेलीचा. माझ्यापेक्षाही सा